आधीच भरून ठेवलेला केसपेपर

मी, खाली सही करणारी, वय वर्षे सहासष्ट, व्यवसाय निवृत्त परिचारिका, जिला ही सगळी गल्ली आणि गल्लीत जन्मलेली निम्मी पोरं 'सिस्टर' याच नावानं ओळखतात, माझ्या मागे कुणाचा गोंधळ होऊ नये म्हणून हा कागद स्वतःच्या हातानं लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. याबद्दल शंका असल्यास शेजारच्या शिंप्यांना विचारावं. परवाच त्यांनी बाही अर्धा इंच लांब शिवलेली मी चष्म्याशिवाय पकडली. माझ्यावर कुणी दबाव आणलेला नाही. आणायचा प्रयत्न आयुष्यात बऱ्याच जणांनी केला, पण त्यांची नावं इथं घातली तर कागद पुरणार नाही.

वकीलसाहेबांना हा कागद दाखवला तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. वकीलसाहेब पायाळू जन्मलेले असून त्यांना पहिल्यांदा उलटं धरून रडवणारी मीच आहे, त्यामुळे ते माझ्याशी अदबीनं बोलतात. ते म्हणाले, "सिस्टर, मजकूर अजून कोरा आहे आणि खाली 'वाचून पाहिले, बरोबर आहे' असं तुम्ही लिहूनही ठेवलंय?" मी म्हटलं, सवय आहे. त्या सवयीबद्दल पुढं कलम आठमध्ये लिहिलेलं आहे. घाई असणाऱ्यांनी थेट तिथं जावं.

कलम १. घर.

दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि गच्चीवर जाणारा अरुंद जिना असं हे घर मी माझ्या पगारातून घेतलेलं आहे. माझ्यानंतर निम्मं घर माझ्या वहिनीला आणि निम्मं भाचीला, म्हणजे वहिनीच्या एकुलत्या एक मुलीला, मिळावं. वहिनी माझ्याहून सहा वर्षांनी लहान आहे, पण थोरल्या भावाची बायको म्हणून मी तिला वहिनी म्हणते आणि वयानं मोठी म्हणून ती मला ताई म्हणते. दादा जाऊन नऊ वर्षं झाली. तेव्हापासून आम्ही दोघी इथं राहतो. आमची भांडणं ठरलेली आहेत. सकाळी खिडकी उघडी ठेवण्यावरून आणि संध्याकाळी टीव्हीच्या आवाजावरून.

मी लग्न केलं नाही. लोकांनी त्याची कारणं शोधली आणि काही जण थेट प्रेमभंगापर्यंत पोचले. खरी गोष्ट अशी की एक चांगलं स्थळ घरी आलं असताना मी मुलाच्या आईची खालची पापणी ओढून पाहिली आणि म्हणाले, "रक्त कमी आहे तुमच्यात, गोळ्या सुरू करा." स्थळ परत फिरकलं नाही. गोळ्या मात्र त्यांनी सुरू केल्या असं नंतर कळलं.

कलम २. बँकेत जे काही असेल ते भाचीचं. मोजायला तिला फार वेळ लागणार नाही.

कलम ३. देह.

माझा देह वैद्यकीय महाविद्यालयाला द्यावा. विद्यार्थ्यांसाठी एक सूचना: गर्भाशय शोधत बसू नये आणि ते सापडत नाही म्हणून एकमेकांना दोष देऊ नये. ते माझ्या एक्कावन्नाव्या वर्षीच काढलेलं आहे. त्याआधी आठ वर्षं महिन्यातले पंधरा दिवस माझ्या अंगावरून जायचं. त्याच आठ वर्षांत मी रोज सकाळी ओपीडीत बसून बायकांना सुनावत होते, "अहो, लाज कसली? दुखणं अंगावर काढायचं नाही, तपासून घ्यायचं." मी स्वतः दोन परकर एकावर एक घालून फिरत होते आणि तपासायला गेलेच तर कुणी ओळखीचं भेटेल, या भीतीनं जात नव्हते. प्रसूतिगृहात नोकरी करणाऱ्या बाईला प्रसूतिगृहात कोण ओळखीचं भेटणार, हा प्रश्न मला कधी पडला नाही.

शेवटी शाळेतल्या मुलींना रक्तक्षयावर व्याख्यान देत असताना मी फळ्यासमोर आडवी झाले. मुलींना वाटलं, हे प्रात्यक्षिक आहे. पहिल्या बाकावरच्या एकीनं टाळ्या वाजवल्या. हिमोग्लोबिन पाच निघालं. डॉक्टरीणबाईंनी मला जे शब्द सुनावले ते मीच त्यांना शिकवलेले होते.

कलम ४. हत्यारं.

पोटातल्या बाळाचे ठोके ऐकायची माझी लाकडी नळी हल्ली लेबर रूममध्ये लागलेल्या नव्या नर्सला द्यावी. ती मशीन लावते आणि मशीनच्या पडद्याकडे बघते. बघू दे. पण वीज गेली तर कान कामाला येतात. माझा डावा सोडून.

रक्तदाबाचं यंत्र शेजारच्या शिंप्यांना द्यावं. गेली वीस वर्षं ते दर रविवारी बाही वर करून माझ्या दारात उभे असतात. मी गेल्यावर भेटायला येतील तेव्हाही बाही वर करूनच येतील. यंत्र मिळण्याची अट एकच आहे, आधी बायकोचा रक्तदाब मोजायचा. वीस वर्षांत त्यांनी तिला एकदाही बरोबर आणलेलं नाही. सहावा महिना असतानाही तिला घेऊन या म्हणून मीच त्यांच्या मागे लागले होते, तेव्हा म्हणाले, "ती धडधाकट आहे हो सिस्टर, तुम्ही माझं बघा."

कलम ५. जुनी देणी.

आमच्या मेट्रनबाईंना माझे पायात घालायचे घट्ट मोजे द्यावेत. लेबर रूममधली एकुलती एक खुर्ची त्यांनी काढून नेली होती. म्हणाल्या, "बसलेली नर्स म्हणजे झोपलेली नर्स." माझ्या पोटऱ्यांवरच्या निळ्या शिरा ही त्यांचीच देणगी आहे. बाई आज नव्वदीच्या घरात आहेत आणि माझ्याहून ताठ चालतात, हाच माझा त्यांच्यावरचा मुख्य आक्षेप आहे.

कलम ६. भिंतीवरचं घड्याळ.

निवृत्तीच्या दिवशी मला हे घड्याळ मिळालं. त्यावर कोरलंय, 'तेहतीस वर्षांच्या सेवेत निष्काळजीपणाचा एकही शेरा नाही.' भाषणात मोठे डॉक्टर म्हणाले की या सिस्टर प्रत्येक बाळंतपणात बाळामागून पडणारी वार तीन-तीनदा तपासतात, नव्या मुलींनी यांच्याकडून शिकावं. टाळ्या झाल्या. मीही खाली मान घालून, विनयी दिसावं अशा बेतानं हसले. घड्याळ कुणालाही देऊ नये, भंगारात घालावं. शेरा नाही हे खरं आहे. शेरा मारणाऱ्यांनी माझाच कागद वाचला होता.

कलम ७. भाचीबद्दल.

आता मुद्द्यावर येते. इतका वेळ मी घड्याळं आणि मोजे वाटत बसले आहे, ते कशासाठी हे माझं मला ठाऊक आहे.

भाची चौतीस वर्षांची आहे. पहिलटकरीण आहे, आठवा महिना संपत आलाय. ती तीन तासांच्या अंतरावर राहते. मागच्या आठवड्यात आम्ही दोघी तिला भेटायला गेलो, तर ती पलंगावर. तिसऱ्या महिन्यापासून ती पलंगावरच आहे. तिच्या डॉक्टरांनी असं काही सांगितलेलं नाही. उलट ते तिला चाला, फिरा म्हणून सांगून थकले. दोन्ही पाय सुजलेले, मांड्यांतली ताकद गेलेली. ग्लासभर पाणीसुद्धा नवरा आणून देतो. इतके महिने निजून राहिलं तर पायात रक्ताच्या गाठी होतात आणि ऐन कळांच्या वेळी अंगात जोर राहत नाही. हे मी हजार बायकांना सांगितलंय, तिलाही सांगितलं. "उठ बाई, जरा गॅलरीपर्यंत जाऊन ये."

ती म्हणाली, "नको आत्या. आईचं काय झालं माहीत आहे ना? लवकर उठली, वजन उचललं आणि सगळं गमावून बसली. आमचं अंगच कच्चं आहे."

वहिनी उशाशी बसून तिच्या केसांवरून हात फिरवत होती. म्हणाली, "पडून राहा गं. माझ्यासारखी चूक करू नको."

मी म्हटलं, "अगं, त्याचा आणि याचा काही संबंध नाही."

भाची माझ्याकडे बघून म्हणाली, "असं कसं? आजी सांगायची ना, तूच म्हणाली होतीस म्हणून."

परतीच्या प्रवासात मी वहिनीला खिडकीची जागा दिली. तिला आश्चर्य वाटलं.

कलम ८. कबुली.

चौतीस वर्षांपूर्वीची दुपारपाळी. लेबर रूममध्ये तीन खाटा भरलेल्या, नर्स मी एकटी. तिसऱ्या खाटेवर माझी वहिनी.

माझं अक्षर सुरेख होतं. केसपेपर पूर्ण भरलेला असण्याचा मला भारी अभिमान. बाळंतपण कुणाचंही असो, शेवटी लिहायचं तेच: वार पूर्ण पडली, रक्तस्राव सर्वसाधारण, नाडी ऐंशी. मग एवढं सगळं नंतर घाईघाईत कशाला लिहा, म्हणून दुपारचा चहा घेता घेता मी सगळ्या खाटांचे कागद आधीच भरून ठेवायची. वेळ आणि बाळाचं वजन एवढे दोनच रकाने मोकळे. आमच्यात बऱ्याच जणी असं करायच्या, असं म्हणून मी अंग काढून घेऊ शकते. पण इतक्या सुबक अक्षरात फक्त मीच करायची.

तीन वाजून वीस मिनिटांनी वहिनीला मुलगी झाली. मी आत्या झाले. नाळ कापली, बाळ पुसलं, गुंडाळलं आणि नर्स आहे हे विसरून धावत बाहेर गेले, दादाला आणि आईला दाखवायला. दादा रडला. आई म्हणाली, "नाक आपलं आहे." मी तिथं किती वेळ उभी होते ते मला आजही सांगता येत नाही. परत आत आले तेव्हा वार पडून गेली होती आणि आयाबाईंनी ती उचलून नेलीही होती.

बाळामागून जी वार पडते ती ट्रेमध्ये पसरून, धुऊन, दोन्ही बाजूंनी बघायची असते. सगळे भाग जागच्या जागी आहेत का, एखादा तुकडा आत राहिला नाही ना, हे नर्सनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं. दोन मिनिटांचं काम. मी वार पाहिली नाही. मी कागद पाहिला. कागदावर ती पूर्ण पडलेली होती.

दुसऱ्या दिवशी वहिनी म्हणाली, "ताई, जरा जास्तच जातंय हो." मी म्हटलं, "पहिल्या वेळी वाटतं तसं." डॉक्टर राउंडला आले, त्यांनी कागद वाचला आणि ते पुढच्या खाटेकडे गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी वहिनीनं न्हाणीघरात कपडे धुवायला पाण्याची बादली उचलली आणि तिथंच रक्ताची धार लागली. रक्त थांबेना. तिला ऑपरेशनला घेतलं. जीव वाचवायला पिशवी काढावी लागली. तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती.

हात धुता धुता डॉक्टर मला म्हणाले, "आत वारेचा तुकडा राहिला होता. कागदावर तर पूर्ण लिहिलंय. होतं असं कधी कधी." मी त्यांच्या हातात टॉवेल दिला. बाहेर आई उभी होती. तिला न्हाणीघरातली बादली कुणीतरी सांगितली होती. तिनं विचारलं, "बादली उचलली म्हणूनच झालं ना गं?"

मी म्हटलं, "असेल."

एवढंच म्हटलं. पण ते सिस्टरचं म्हणणं होतं. आईनं ते मरेपर्यंत जपलं. येणाऱ्या-जाणाऱ्यासमोर, वहिनीच्या देखत म्हणायची, "दोन दिवस धीर धरवला नाही हिला, आमचा वंश एका बादलीत बुडवला." दादानं तिला कधी दोष दिला नाही. पण घरातलं सगळं पाणी तोच भरायचा, काही न बोलता, आणि त्याच्या त्या न बोलण्याचाही तिला त्रास व्हायचा. एकदा तिनं मला विचारलं, "ताई, मी तेव्हा पडून राहिले असते तर अजून एखादं झालं असतं ना हो?" तेव्हा मी काय केलं? मी तिचा रक्तदाब मोजायला घेतला.

त्या दिवसानंतर मी एकही रकाना आधी भरला नाही. प्रत्येक वार तीनदा पाहिली. लोकांनी माझी काळजी पाहिली, नाव काढलं, घड्याळ दिलं. ज्या एका बाईला हे सांगायचं होतं ती माझ्याच घरात, माझ्याच ताटात वाढत होती.

म्हणून मी इथं लिहून देते: वहिनीचं अंग कच्चं नव्हतं. बादलीनं काही झालेलं नाही. ती लवकर उठली यातही काही वावगं नव्हतं, बाळंतिणीनं उठावंच. तिची पिशवी माझ्या न पाहण्यामुळे गेली आणि तिची इज्जत माझ्या एका शब्दामुळे. हे कलम माझ्या मृत्यूनंतर वहिनीला आणि भाचीला वाचून दाखवावं.

कलम ९.

वरचं शेवटचं वाक्य लिहून मी पेन खाली ठेवलं. फार हलकं वाटलं. मग हिशेब लक्षात आला. भाचीचे दिवस भरायला पाच आठवडे आहेत. ही कबुली तिच्यापर्यंत वेळेवर पोचायची तर मला पाच आठवड्यांच्या आत मरावं लागेल आणि माझी साखर, वजन, भूक पाहता तशी काही चिन्हं नाहीत. म्हणजे हेही मी आधीच लिहून मोकळी झाले, काम न करता.

तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आली. "सकाळपासून काय लिहिताय एवढं?"

"मृत्युपत्र."

"अगं बाई. आणि माझ्यासाठी काय ठेवलंय?"

मी म्हटलं, "कलम आठ. बस जरा. वाचून दाखवते."

पुरवणी, दोन दिवसांनंतर.

वकीलसाहेबांचं म्हणणं आहे की मृत्युपत्रात असली हकीकत घालत नाहीत. मी म्हटलं, तुमच्या जन्माच्या वेळची हकीकत सांगू का सगळ्यांना?

कलम आठ मी पूर्ण वाचलं. वहिनीनं मध्ये एकदाही थांबवलं नाही. वाचून झाल्यावर म्हणाली, "म्हणजे तुम्हाला तेव्हाच माहीत होतं?"

"हो."

"सासूबाई बोलायच्या तेव्हा तुम्ही तिथंच असायचात."

"हो."

ती उठली आणि आत गेली. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. माझं ताट वाढलं नाही. मी माझं वाढून घेतलं, भातात मीठ दोनदा घातलं आणि तसाच खाल्ला. तक्रार करायला तोंड नव्हतं. टीव्ही दोन्ही दिवस बंद होता. मला वाटलं होतं, ती रडेल, मी रडेन, गळ्यात गळे पडतील. असलं काही झालं नाही. मी मनात ते दृश्यही आधीच भरून ठेवलं होतं.

आज सकाळी ती माझ्यासमोर फोन घेऊन उभी राहिली. "लावा. तिला तुम्ही सांगायचं. मी नाही."

मी सांगितलं. मृत्युपत्राच्या भाषेतला एकही शब्द उपयोगी पडला नाही. म्हटलं, "बाळा, आईची काही चूक नव्हती. माझी होती. वार मी बघितलीच नाही आणि बघितली असं लिहिलं. मग आजीशी खोटं बोलले. तुमच्या अंगात काहीएक कमी नाही. तुझ्या डॉक्टरांना हे सगळं असंच सांग, म्हणजे तेही वार नीट बघतील."

मला वाटलं, आता शिव्या येणार. मी त्याची तयारी केली होती. ती म्हणाली, "आत्या, मग मी उठून चालू का?"

"चाल. आत्ता नवऱ्याचा हात धर आणि गॅलरीपर्यंत जा. दम लागला की बस. संध्याकाळी डॉक्टरांना पाय दाखवून ये."

वहिनीनं माझ्या हातातून फोन ओढून घेतला आणि कानाला लावला. पलीकडे चपला घासत चालल्या होत्या. वहिनी ओठ हलवत पावलं मोजत होती. सतरापर्यंत मला ऐकू आलं. मग ती तोंड फिरवून खिडकीकडे उभी राहिली.

दुपारी वकीलसाहेब साक्षीदारांच्या सह्या घ्यायला आले. एक साक्षीदार म्हणून शेजारचे शिंपी आले होते, बाही वर करूनच. वहिनी म्हणाली, "दुसरी सही मी करणार."

वकीलसाहेब म्हणाले, "काकू, तुम्हाला यातून निम्मं घर मिळतंय. ज्याला काही मिळतं त्यानं साक्षीदार व्हायचं नसतं."

"मग माझं नाव काढा घरातून."

"अहो काकू, निम्मं घर आहे ते!"

"माझ्या मुलीला लिहा सगळं. ती मला बाहेर काढणार आहे का?" मग ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "चौतीस वर्षं सगळ्यांनी यांचा कागद खरा धरला. त्यावर मला कुणी काही विचारलं नाही. या कागदावर माझी सही पाहिजे."

त्यामुळे कलम १ मध्ये दुरुस्ती: संपूर्ण घर भाचीला. वहिनीला माझ्याकडून काहीही मिळत नाही. तिनं ते घेतलेलं नाही, अशी नोंद व्हावी.

इथं माझं लिहिणं संपलं. खालचे रकाने मी कोरे ठेवले आहेत, ज्यानं त्यानं आपापल्या हातानं भरावेत.

लिहून देणार: सिस्टर (सही)

ठिकाण: राहतं घर, पुढची खोली
दिनांक: एकोणीस नोव्हेंबर, दुपारी चार

साक्षीदार १: शेजारी, व्यवसाय शिंपीकाम (सही). सिस्टरनी माझ्यासमोर सही केली. बायकोला उद्या घेऊन येतो.

साक्षीदार २: भावजय, व्यवसाय घरकाम (सही). ताईंनी माझ्यासमोर सही केली. मी सगळं स्वतः वाचलं. यात माझी काही चूक नव्हती. माफ केलं असं मी कुठंही लिहिलेलं नाही, वकिलांनी ते आपल्या मनानं घालू नये.